शंभर पत्रे आणि वर आठ

मंडळी, आपल्या पिशोरच्या पारावर संध्याकाळी दोन घटका बसलं, की एक गोष्ट हमखास कानावर येते. कोणी तरी म्हातारा पश्चिमेच्या डोंगराकडे हात करतो आणि म्हणतो, "अरे, आपला मुलूख म्हणजे काय साधा आहे? इकडे पितळखोऱ्याची लेणी, तिकडे वेरूळ, पलीकडे अजिंठा, खाली देवगिरीचा किल्ला आणि पैठण. एवढं जगात कुठं आहे?" सगळे माना डोलावतात. मीही डोलावतो. त्यात खोटं काही नाही. पण समजा, त्याच वेळी पारावरचा एखादा पंचवीस वर्षांचा पोरगा उठून म्हणाला, "आजोबा, ही लेणी कोणी खोदली, ती कोणत्या शतकातली, त्यांतल्या भिंतींवर कोणत्या लिपीत काय लिहिलं आहे, हे आपल्यापैकी कोणाला सांगता येईल? नाही ना? मग आपण अभिमान कशाचा बाळगतो?" तर त्या पोराचं काय होईल? चहा तर मिळणार नाहीच; त्याचे दोन पिढ्यांचे दोष मात्र तिथेच निघतील.

असा एक पोरगा पावणेदोनशे वर्षांपूर्वी पुण्यात निघाला होता. तो एकदाच उठून गप्प बसला नाही. दर आठवड्याला उठला. दोन वर्षांहून जास्त काळ उठत राहिला. त्याची हकीकत आज तुम्हाला सांगायची आहे.

त्याचं नाव गोपाळ हरी देशमुख. जन्म पुण्यातला, १८ फेब्रुवारी १८२३ चा. मूळ आडनाव सिद्धये. देशमुखीचं वतन म्हणून देशमुख. वडील हरिपंत हे बापू गोखल्यांचे फडणीस. बापू गोखले म्हणजे दुसऱ्या बाजीरावाचे शेवटचे सेनापती, १८१८ च्या फेब्रुवारीत आष्टीच्या लढाईत पडले ते. तेव्हा हे लक्षात घ्या की हा मुलगा कोणा परक्याच्या घरात वाढलेला नव्हता. पेशवाई बुडाली ती याच्या घरात बुडाली. जेवणाच्या पंगतीत ज्या आठवणी निघत, त्या शनिवारवाड्याच्या, सरदारांच्या, हत्तींच्या आणि पालख्यांच्या. वडील गेले तेव्हा गोपाळ तेरा वर्षांचा होता. पुढे तो इंग्रजी शिकला आणि १८४४ साली पुण्यात दक्षिणेतल्या सरदारांच्या एजंटाच्या कचेरीत भाषांतरकार म्हणून चिकटला.

ही नोकरी काय होती, ते समजून घेतल्याशिवाय पुढची गोष्ट कळायची नाही. राज्य गेल्यावर इंग्रजांनी जुन्या सरदार-जहागीरदारांचे मानपान, नेमणुका, तंटेबखेडे बघायला पुण्यात एक अधिकारी ठेवला होता. त्याच्या कचेरीत रोज ही मंडळी येत. कोणाचा अर्ज नेमणुकीसाठी, कोणाचा मानाच्या जागेसाठी, कोणाचा भाऊबंदकीचा. आणि हा वीस-बावीस वर्षांचा पोरगा तिथे बसून त्यांचं बोलणं इंग्रजीत आणि साहेबाचं बोलणं मराठीत करी. ज्यांच्या आजांनी अटकेपर्यंत घोडी नेली, त्यांचे नातू साहेबाच्या दारात खुर्ची कितव्या रांगेत मिळावी यासाठी अर्ज करीत होते. हे त्यानं वर्षानुवर्षं जवळून पाहिलं. माझं असं मत आहे की त्याची पत्रं आधी त्या कचेरीत तयार झाली; कागदावर नंतर उतरली.

आता १८४८ साल कसं होतं ते डोळ्यांपुढं आणा. पेशवाई जाऊन तीस वर्षं झालेली. शनिवारवाड्यावरचं निशाण १८१७ च्या नोव्हेंबरात उतरलं, ते पाहिलेली माणसं अजून पुण्यात जिवंत आहेत. खुद्द बाजीरावसुद्धा जिवंत आहे. गंगेकाठी ब्रह्मावर्ताला सालाना आठ लाखांची पेन्शन घेऊन स्नानसंध्या करतो आहे. तो वारला १८५१ साली. इकडे साताऱ्याचे छत्रपती याच १८४८ साली वारले आणि ते राज्यही इंग्रजांनी खालसा करायला घेतलं. म्हणजे उरलंसुरलं नावही चाललं. अशा वेळी माणसं काय करतात? तुम्ही-आम्ही जे करतो तेच. मोडक्या वाड्यात बसून जुन्या वैभवाच्या गोष्टी सांगतात. इंग्रजांनी कपटानं घेतलं, फितुरी झाली, कलियुग आलं, दैव फिरलं. नाही तर आपल्यासारखे आपणच. विद्या आपली, धर्म आपला, शौर्य आपलं. पुणं त्या काळी या समजुतीवर अगदी सुखानं झोपत होतं.

मुंबईत भाऊ महाजन नावाचे एक संपादक होते. मूळ नाव गोविंद विठ्ठल कुंटे. त्यांनी १८४१ साली 'प्रभाकर' नावाचं साप्ताहिक काढलं होतं. मराठी वर्तमानपत्र ही गोष्टच तेव्हा नवी; बाळशास्त्री जांभेकरांचं 'दर्पण' निघालं १८३२ साली, त्याला उणीपुरी सोळा वर्षं झालेली. या 'प्रभाकरा'त १८४८ च्या मार्चपासून पुण्याकडून पत्रं येऊ लागली. खाली सही 'लोकहितवादी'. १८५० पर्यंत अशी एकशे आठ पत्रं छापली गेली. लोक त्यांना शतपत्रं म्हणतात; शंभर आणि वर आठ, जपमाळेतल्या मण्यांइतकी. पण ही माळ जपाची नव्हती.

या पत्रांत काय होतं? थोडक्यात सांगायचं तर त्यानं पुणेकरांना विचारलं, की राज्य गेलं ते कपटानं गेलं म्हणता. मग कपट करायची संधी तुम्ही दिली कशी? मूठभर माणसं सहा महिन्यांच्या जहाजाच्या प्रवासावरून येतात, आपली भाषा शिकतात, आपल्या गावांचे नकाशे काढतात, आपल्यातलं भांडण आपल्यापेक्षा नीट ओळखतात. आणि आपल्याला मात्र विलायत कोणत्या दिशेला आहे हे ठाऊक नाही. अशी दोन माणसं शेजारी राहिली, तर घर कोणाचं होईल?

इथं मी माझ्या पदरची एक गोष्ट जोडतो. ती आपल्याच भागातली आहे. पिशोरहून सिल्लोडवरून भोकरदनला गेलात, की तिथून पुढे असई नावाचं गाव आहे. आता जालना जिल्ह्यात मोडतं. तिथं २३ सप्टेंबर १८०३ रोजी दौलतराव शिंदे आणि नागपूरकर भोसले यांच्या फौजेची आणि इंग्रजांची लढाई झाली. इंग्रजांचा सेनापती आर्थर वेलस्ली, वय चौतीस. हाच पुढे वॉटर्लूवर नेपोलियनला हरवणारा ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला. मराठ्यांच्या बाजूला कवायती पलटणी, शंभराच्या आसपास तोफा आणि घोडदळ तर मोजता येऊ नये इतकं. इंग्रजांकडे माणूस त्याच्या कितीतरी पट कमी. मध्ये केळणा नदी. समोरून उतरावं तर तोफांच्या तोंडी जावं लागतं. वेलस्लीनं वाटाड्यांना विचारलं, "खाली कुठं उतार आहे का?" ते म्हणाले, "नाही." त्यानं दुर्बीण लावून पाहिलं. नदीच्या अलीकडे एक गाव, पलीकडे जवळजवळ समोरच दुसरं गाव. त्यानं मनाशी विचार केला, की दोन गावं अशी समोरासमोर वसली आहेत, तर इकडची माणसं तिकडे जात-येत असणारच. म्हणजे इथे उतार असलाच पाहिजे. त्यानं फौज तिकडे वळवली. उतार होता. केळणा आणि जुई या दोन नद्यांच्या मधल्या पट्टीत तो शिरला आणि बाजूनं येऊन पडला.

लढाई सोपी गेली नाही हो. शिंद्यांचे गोलंदाज तोफेपाशीच मेले, पण हटले नाहीत. इंग्रजांची दीड हजारांवर माणसं मेली नि जखमी झाली. पुढे आयुष्यभर वेलिंग्टन आपली सगळ्यात मोठी लढाई म्हणून वॉटर्लूचं नाव न घेता असईचं घेई. तेव्हा शौर्य नव्हतं असं कोणी म्हणू नये. पण सांगा, तो उतार कोणाला ठाऊक असायला हवा होता? ज्यांचा मुलूख त्यांना, का समुद्रापलीकडून आलेल्या माणसाला? आणि त्या वेळी आपला पेशवा कोणीकडे होता? वसईचा तह करून इंग्रजांच्या बाजूला. निजामही तिकडेच. फितुरी म्हणाल तर आपल्याच घरातली होती.

लोकहितवादींचं सारं म्हणणं या उतारापाशी येऊन थांबतं, असं मला वाटतं. राज्य शौर्याअभावी गेलं नाही. डोळे उघडून न पाहिल्यामुळे गेलं. आणि पाहिलं का नाही? तर आपल्याला सगळं आधीच ठाऊक आहे ही समजूत.

म्हणून त्यांचा पहिला घाव बसला तो विद्येवर, कारण पुण्याचा सगळ्यात मोठा अभिमान तोच. पेशव्यांच्या वेळी श्रावणात पर्वतीखालच्या रमण्यात हजारो ब्राह्मणांना दक्षिणा वाटली जाई. राज्य गेल्यावर इंग्रजांनीही ती चाल एकदम मोडली नाही. त्याच पैशातून १८२१ साली विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा घातली. लोकहितवादी विचारतात, की ज्याला अर्थ कळत नाही आणि नुसतं पाठ येतं, त्याला विद्वान का म्हणायचं? दहा-बारा वर्षं घोकून जे मिळालं त्यानं नांगर सुधारला का, पूल बांधला का, रोगी बरा झाला का? भिक्षुकीवर पोट भरण्यापेक्षा धंदा करावा, शेती करावी, व्यापार करावा, असं ते लिहितात. आणि हे लिहिणारा स्वतः ब्राह्मण. म्हणून तर ते जास्त झोंबलं. बाहेरच्यानं शिवी दिली तर आपण दार लावून घेतो. घरातल्यानंच बोट दाखवलं तर दार कुठलं लावणार?

दुसरा घाव घरातल्या बायकांच्या हालांवर. आठ वर्षांच्या मुलीचं लग्न, नवरा मेला की तिचं केशवपन, मग जन्मभर अंधाऱ्या खोलीत राबणं. हा धर्म नव्हे, निर्दयपणा आहे, विधवांचं पुन्हा लग्न झालं पाहिजे, असं त्यांनी १८४८-५० मध्ये लिहिलं. विधवाविवाहाचा कायदा झाला १८५६ साली, हे शिक्षकमंडळींनी मनात धरावं, म्हणजे हा माणूस किती आधी बोलत होता ते कळेल. जातीच्या उच्चनीचपणावरही ते तसंच बोलले. माणसाची किंमत कर्मानं व्हावी, जन्मानं नव्हे.

तिसरी गोष्ट पैशाची. विलायती माल घेत बसाल तर देशातले कारागीर मरतील. जाडंभरडं का असेना, आपल्या देशातलंच कापड वापरा, असा त्यांचा आग्रह. स्वदेशीची मोठी चळवळ उठली १९०५ साली. तिच्या आधी पंचावन्न-छप्पन्न वर्षं हे छापून गेलेलं आहे.

आणि चौथी गोष्ट ऐकून तर तुम्ही चकित व्हाल. हा माणूस इंग्रजी राज्य ही ईश्वरी योजना आहे असं म्हणे. आपल्याला शिकवायला देवानं मास्तर पाठवला आहे, शिकून घ्या. या एका वाक्यावरून पुढं त्याला किती बोल लागले, ते सांगतोच. पण त्याच पत्रांत तो असंही लिहितो, की लोकांनी शहाणं होऊन आपलं पार्लमेंट मागावं, त्यात सगळ्या जातीचे लोक बसावेत. आणि इंग्रजांनी जुलूम केला तर अमेरिकेत घडलं तसं इथंही घडेल, लोक स्वतंत्र होऊन त्यांना आपल्या देशी जायला सांगतील. सरकारी नोकरीत असलेल्या पंचविशीतल्या कारकुनानं १८५७ च्या आधी हे लिहिलं. काँग्रेसची स्थापना व्हायला अजून पस्तीस वर्षांहून जास्त अवकाश होता.

त्याची भाषा कशी होती? शास्त्रीबुवांची नव्हती. घरात, ओटीवर, बाजारात माणसं बोलतात तशी. लहान वाक्यं, सरळ प्रश्न, मध्येच टोमणा. पुष्कळदा एकच गोष्ट चार-चार पत्रांत पुन्हा सांगितलेली. पुस्तकी मंडळींना हे पुनरुक्तीचं दूषण वाटतं. मला विचाराल तर बहिऱ्या माणसाला हाक दोनदाच मारून कसं चालेल?

एका शाळेत एका गुरुजींनी मुलांना लोकहितवादींविषयी सांगितलं. तास संपताना मागच्या बाकावरचा एक मुलगा म्हणाला, "गुरुजी, एवढं बोलल्यावर या माणसाला कोणी मारलं नाही का?" प्रश्न अगदी रास्त आहे. नाही, कोणी मारलं नाही. एक तर पत्रं टोपणनावानं होती. दुसरं म्हणजे वर्तमानपत्र वाचणारेच थोडे. आणि तिसरं, थोडं अवघड कारण असं, की गोपाळरावांनी पेन चालवलं, पण घर नि जात सोडली नाही. त्याच १८४८ साली त्याच पुण्यात जोतीराव फुल्यांनी मुलींची शाळा काढली. सावित्रीबाई शिकवायला निघाल्या तेव्हा त्यांच्या अंगावर शेण आणि चिखल पडला. शेण पत्रांवर पडत नाही, माणसावर पडतं. लोकहितवादी सरकारी नोकरीत चढत गेले. १८५२ साली वाईला मुनसफ, १८५६ साली असिस्टंट इनाम कमिशनर, पुढे अहमदाबाद, नाशिक अशा ठिकाणी न्यायाधीश, १८७७ साली रावबहादुर, १८८० साली मुंबईच्या कायदेकौन्सिलात, आणि १८८४ साली रतलामचे दिवाण. ज्या इनामदारांच्या घरात जन्मले त्यांच्याच सनदा तपासायचं काम त्यांच्याकडे आलं, यातला योगायोग तुमच्या ध्यानात आला असेल. लिहितो तसं वागत नाही, ही टीका त्यांच्यावर त्यांच्या हयातीतच झाली आणि ती अगदीच निराधार होती असं मला म्हणवत नाही.

पण सगळ्यात जोराचा वार झाला तो एका तरुणाचा. विष्णुशास्त्री चिपळूणकर. हे जन्मले १८५० साली, म्हणजे पत्रं संपली त्याच साली. पंचविशी गाठायच्या आतच, १८७४ च्या जानेवारीत, त्यांनी 'निबंधमाला' काढली आणि तिच्यात लोकहितवादींची अशी काही हजेरी घेतली की वाचताना आजही अंगावर काटा येतो. चिपळूणकरांचं म्हणणं असं : राज्य गेलेल्या, मनानं खचलेल्या लोकांना 'तुम्ही नालायक आहात' हेच रोज ऐकवलं तर ते उठतील कसे? त्यांना आपल्या भाषेचा, इतिहासाचा, पूर्वजांचा अभिमान दिला पाहिजे. इंग्रजांची थोरवी गाणारा माणूस स्वतःच्या आईची निंदा करतो.

आता तुम्ही विचाराल, तुमचं मत कोणाकडे? मी बरेच दिवस चिपळूणकरांकडे होतो. आपल्या मराठवाड्यातल्या माणसाला ते चटकन पटतं. निजामाच्या राज्यात आपल्या बापजाद्यांना वरचं शिक्षण उर्दूतून घ्यावं लागे. १९१८ साली उस्मानिया विद्यापीठ निघालं, त्याचंही माध्यम उर्दू. आपली भाषा घरात नि देवळात. अशा ठिकाणी शिवाजीमहाराजांची, ज्ञानोबा-एकनाथांची आठवण हाच आधार होता. त्या आधारावर माणसं उभी राहिली, तुरुंगात गेली, आणि १७ सप्टेंबर १९४८ रोजी हा मुलूख मोकळा झाला. पत्रं सुरू झाली १८४८ ला, आपण सुटलो १९४८ ला, शंभर वर्षं. त्या वेळी कोणी येऊन 'तुमच्यातच खोट आहे' असं म्हणाला असता, तर त्याला कोणी उभं केलं नसतं. आणि ते योग्यही होतं. दुखणाईत माणसाला आधी पेज देतात, मग काढा.

पण स्वातंत्र्य मिळालं, राज्य आपलं झालं, १९६० साली महाराष्ट्रही झाला. आता पेजेचे दिवस सरले ना? मग मला हळूहळू लोकहितवादी पटू लागले. चिपळूणकरांनी जो अभिमान जागा केला, त्यातून पुढे टिळक-आगरकर उभे राहिले, शाळा निघाल्या, 'केसरी' निघाला. त्याचे उपकार कोण नाकारील? पण अभिमानाची एक खोड आहे. तो एकदा घरात आला की उठून जात नाही; आणि बसल्या बसल्या कामाचा कंटाळा करू लागतो. गंमत म्हणजे त्याच चिपळूणकरांचे सहकारी आगरकर १८८८ साली 'सुधारक' काढून पुन्हा लोकहितवादींच्याच वाटेनं गेले, आणि पुण्यानं त्यांची जिवंतपणी प्रेतयात्रा काढली. वाट तीच, पण या वेळी लिहिणारा नाव घालून, उघड्या तोंडानं लिहीत होता.

अशी माणसं आपल्याकडेच झाली असं समजू नका. जपानात फुकुझावा युकिची नावाचा एक गृहस्थ होऊन गेला, जन्म १८३५ चा. अमेरिकन आगबोटी १८५३ साली जपानच्या किनाऱ्याला लागल्या आणि तोफा दाखवून त्यांनी त्या देशाला दार उघडायला लावलं. जपानी लोकांनाही आपल्या तलवारीचा नि स्वामिनिष्ठेचा मोठा अभिमान. फुकुझावानं १८७२ ते १८७६ या काळात 'विद्येची प्रेरणा' अशा अर्थाच्या नावाच्या सतरा लहान पुस्तिका काढल्या. एका ठिकाणी तो म्हणाला, की धन्यासाठी रणात प्राण देणारा नामांकित वीर आणि धन्याचे पैसे हरवले म्हणून गळफास लावून घेणारा गरीब नोकर, यांच्या मरणात फरक काय? दोघांच्याही मरणानं लोकांचं काय भलं झालं? बाप रे! जपानभर वणवा पेटला. त्याला जिवे मारण्याच्या धमक्या आल्या. पण त्या पुस्तिका घरोघर गेल्या. आज जपानच्या दहा हजार येनच्या कितीतरी नोटांवर तुम्हाला त्याचा चेहरा सापडेल. १९८४ पासून चाळीस वर्षं तो तिथं होता.

आमच्या गोपाळरावांच्या पत्रांना तसं भाग्य लाभलं नाही. एक तर देश परक्यांच्या ताब्यात. शिव्या खाऊनही त्या वापरायला हातात राज्य नव्हतं. दुसरं म्हणजे त्यांचं स्वतःचंच मत बदलत गेलं, आणि हे मला त्यांचं मोठेपण वाटतं. तारुण्यात ज्यानं इंग्रजाला देवानं पाठवलेला मास्तर म्हटलं, त्यानंच पन्नाशी ओलांडल्यावर, १८७६ च्या सुमारास, हिंदुस्थानास दारिद्र्य का आलं त्याची कारणं सांगणारं पुस्तक लिहिलं. वर्षानुवर्षं जिल्ह्या-जिल्ह्यांत न्यायाधीश म्हणून बसल्यावर त्यांना कुणब्याचे कर्जरोखे, सावकाराची वही आणि सरकारचा सारा, तिन्ही एका टेबलावर दिसले असणार.

आणि १८८३ साली त्यांनी एक छोटं पुस्तक लिहिलं, 'ग्रामरचना'. गावाची जुनी व्यवस्था, पाटील-कुलकर्णी, बलुतेदार, गावानं गावाचं कसं चालवायचं, याविषयी. साठ वर्षांचा रावबहादुर, कायदेकौन्सिलात बसलेला माणूस, आणि विचार कशाचा करतो, तर गावचावडीचा. आपल्याकडच्या सरपंचांनी, ग्रामपंचायतीच्या मंडळींनी त्याची माहिती करून घ्यावी असं मी आग्रहानं म्हणेन. त्यातलं सगळं पटेल असं नाही. जातीच्या बाबतीत तारुण्यातला तिखटपणा तिथं उरलेला नाही, असंही कोणी म्हणेल. पण जो माणूस पंचविशीत 'तुम्हाला आपला देश ठाऊक नाही' असं ओरडला, तो साठीत स्वतः देश जाणून घ्यायला गावापर्यंत उतरला, ही गोष्ट लहान नव्हे.

ते वारले ९ ऑक्टोबर १८९२ रोजी.

शिक्षकबंधू-भगिनींना एक विचारतो. वर्गात लोकहितवादी शिकवताना आपण काय सांगतो? जन्म, मृत्यू, 'शतपत्रे', 'समाजसुधारक'. मुलं लिहून घेतात, परीक्षेत पाच गुण मिळवतात. म्हणजे घोकंपट्टीवर आयुष्यभर टीका करणाऱ्या माणसाचीही आपण घोकंपट्टीच केली! त्याऐवजी मुलांना घेऊन गावाबाहेर जावं. पितळखोरा काही फार लांब नाही. लेण्यातल्या भिंतीवरची अक्षरं दाखवावीत आणि म्हणावं, ही आपल्याच लोकांनी कोरली, आता ती वाचायला कोण शिकणार? अजिंठ्याच्या दरीत १८१९ साली जॉन स्मिथ नावाचा इंग्रज शिकारीला आला, त्यानं लेणी पाहिली आणि दहाव्या लेण्यातल्या खांबावर आपलं नाव कोरून ठेवलं. आपल्या गुराख्यांना ती लेणी त्याच्या आधीपासून माहीत होती. पण नाव त्याचं राहिलं. १८४४ पासून रॉबर्ट गिल नावाचा दुसरा साहेब तिथं वर्षानुवर्षं बसून ती चित्रं उतरवीत होता. पुण्यात लोकहितवादी 'तुम्हाला तुमचंच काही ठाऊक नाही' असं लिहीत होते, नेमक्या त्याच वर्षांत. दोघांना एकमेकांची खबरही नसेल. पण दोघांच्या कामाचा अर्थ एकच निघतो.

आणि कधी भोकरदनकडे जाणं झालं, बाजाराला म्हणा, सोयरिकीला म्हणा, तर वाट थोडी वाकडी करून असईला जा. केळणेच्या काठाला उभे राहा. समोरासमोरची गावं शोधा. मग तिथल्या एखाद्या गुराख्याला विचारा, "का रे, इथं नदीला उतार कुठं आहे?" तो हसेल आणि काठीनं दाखवील.